एकच साचा, वेगळा दाणा: डिस्क गोल्फच्या तबकड्यांचं प्लास्टिक

दुकानाच्या भिंतीवर डिस्क्राफ्ट कंपनीच्या बझ नावाच्या डिस्क एकीखाली एक अशा लावलेल्या होत्या. नाव तेच, कंपनी तीच, वजनही जवळपास तेच. एकीवर 10 डॉलरच्या आसपासची चिठ्ठी, दुसरीवर 20 च्या आसपासची. माझ्यासोबत आलेला सहकारी नुकताच पुण्याहून मिशिगनला आलेला. डिस्क गोल्फ खेळून त्याला जेमतेम दोन रविवार झाले होते. दोन हातांत दोन डिस्क तोलत त्याने विचारलं, “ताई, नाव एकच, आकार एकच, मग भाव दुप्पट कसा? रंगाचे पैसे घेतात का?”

“प्लास्टिक वेगळं आहे,” एवढंच मी तिथे उभ्याउभ्या सांगितलं आणि ते अर्धवट उत्तर घरी पोचेपर्यंत मला टोचत राहिलं. माझी उमेदीची दहा वर्षं भोसरीत इंजेक्शन मोल्डिंगच्या शॉपवर गेली, आता इथे गाड्यांच्या प्लास्टिकच्या भागांवर काम करते. डिस्क हातात आली की मला आधी तिची शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात ती रेघ, दिसते आणि मग रंग. तेव्हा हे नीट समजावून सांगायचं तर मीच सांगायला हवं. दाणा बदलला की हातातली पकड बदलते, हवेतली चाल बदलते, आणि ती डिस्क पुढच्या वर्षी कशी उडेल तेही बदलतं. नवे खेळाडू पहिल्या दोन गोष्टींकडे बघतात. माझ्या मते तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे.

आधी खेळाबद्दल थोडं. डिस्क गोल्फ म्हणजे चेंडू-काठीऐवजी हाताने फेकायच्या तबकड्यांनी खेळलेला गोल्फ. जमिनीतल्या भोकाच्या जागी खांबाला साखळ्या टांगलेली लोखंडी टोपली असते. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून पहिली फेक, डिस्क जिथे पडेल तिथून पुढची, आणि टोपलीत पडेपर्यंत झालेल्या फेका मोजायच्या. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये 1975 साली एड हेड्रिक यांनी या खेळाचं पहिलं कायमचं मैदान आखलं. ते व्हॅम-ओ या फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत काम केलेले गृहस्थ. साखळ्यांच्या टोपलीचं पेटंट त्यांचंच, आणि 1976 मध्ये पीडीजीए ही खेळाडूंची संघटनाही त्यांनीच सुरू केली. 2002 साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून काही डिस्क घडवल्या गेल्या. आपण अस्थी वाहत्या पाण्यात सोडतो, त्यांनी आपल्या हवेत सोडायला सांगितल्या. प्लास्टिकवर इतका जीव लावलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

सुरुवातीला हा खेळ साध्या फ्रिस्बीनेच चालायचा. 1983 मध्ये इनोव्हा या डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या डेव्ह डनिपेस यांनी ईगल नावाची डिस्क आणली. तिची कड गोलसर नव्हती, पाचरीसारखी उतरती होती. तिथून गोल्फची डिस्क आणि फ्रिस्बी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुण्या-मुंबईत अल्टिमेट हा फ्रिस्बीचा सांघिक खेळ खेळणाऱ्यांच्या ओळखीची 175 ग्रॅमची डिस्क सुमारे 27 सेंटिमीटर रुंद आणि बोथट कडेची असते. गोल्फची बझ 21.7 सेंटिमीटरची, पण वजनाला तिच्याइतकीच किंवा जास्त. पीडीजीएचा नियम असा की व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त वजन नको. म्हणजे बझ 180 ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. एवढं वजन एवढ्याशा तबकडीत, आणि त्यातलं बरंचसं कडेच्या जाड कड्यात. हे कडं ज्या दाण्याचं बनतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

दाणा म्हणजे काय, तर प्लास्टिकचे तांदळाएवढे कण. चाकण-भोसरीच्या कुठल्याही शॉपवर विचारा, ग्रॅन्युल्स कुणी म्हणत नाही, दाणाच म्हणतात. तो हॉपरमध्ये ओतायचा, तापलेल्या नळीतून स्क्रूने दाबत पुढे न्यायचा, वितळलेला माल बंद साच्यात मारायचा, थंड होऊ द्यायचा, साचा उघडून डिस्क काढायची. कोणत्या दाण्यात काय किती मिसळायचं हे प्रत्येक कंपनी मसालेवाल्यासारखं आपल्यापाशी ठेवते. तरी ढोबळ मानाने बाजारात दोन घराणी आहेत. पहिलं घराणं साध्या, स्वस्त मिश्रणांचं. दुकानात त्याला बेस प्लास्टिक म्हणतात. दुसरं पॉलियुरेथेनच्या कुळातलं, ज्याला प्रीमियम म्हणतात. मोबाइलचं मऊ, वाकवलं तरी न तुटणारं पारदर्शक कव्हर आठवा. तेही याच कुळातलं. हा दाणा महाग असतो आणि नखरेल असतो. हवेतलं पाणी शोषतो, म्हणून मशीनला घालण्याआधी ड्रायरमध्ये नीट वाळवावा लागतो. नाहीतर मालात बुडबुडे आणि रुपेरी चट्टे उठतात. भोसरीत पावसाळ्यात याच कारणाने आम्ही पोत्यांच्या पोती माल बाजूला काढलेला आहे. दुप्पट भावातला मोठा वाटा इथे जातो, रंगात नाही.

नावांचा गोंधळ आत्ताच सोडवून टाकते. इनोव्हाचं बेस म्हणजे डीएक्स, डिस्क्राफ्टचं प्रो-डी, लॅटिट्यूड 64 चं रेट्रो, डायनॅमिक डिस्क्सचं प्राइम. प्रीमियममध्ये दोन तऱ्हा. एक आरपार दिसणारी, कडक, काचेसारखी गुळगुळीत. इनोव्हा तिला चॅम्पियन म्हणते, डिस्क्राफ्ट झी, लॅटिट्यूड ऑप्टो, डायनॅमिक ल्युसिड, वेस्टसाइड व्हीआयपी, एमव्हीपी प्रोटॉन. दुसरी अपारदर्शक, थोडी मऊ, बोटांना धरून ठेवणारी. तिची नावं त्याच क्रमाने स्टार, ईएसपी, गोल्ड, फ्युजन, टुर्नामेंट, न्यूट्रॉन. डायनॅमिक आणि वेस्टसाइड यांच्या डिस्क वर्षानुवर्षं स्वीडनमध्ये लॅटिट्यूडकडेच बनत आल्या, म्हणून ऑप्टो, ल्युसिड आणि व्हीआयपी यांत फरक शोधत बसू नका. ही नावं एकदा कळली की भिंतीवरच्या शंभर रंगांचे तीनच ढीग उरतात.

हातात

पकड या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक चिकटपणा, म्हणजे अंगठा पृष्ठभागावरून सरकतो की नाही. दुसरी लवचीकपणा, म्हणजे मूठ आवळल्यावर कडं बोटांखाली किंचित दबतं की नाही. नव्या डीएक्स किंवा प्रो-डीमध्ये दोन्ही असतात. पृष्ठभाग खडूसारखा कोरडा, किंचित खरखरीत, आणि बोटं रुतल्यासारखी बसतात. झी किंवा चॅम्पियनमध्ये दोन्ही कमी. कोरड्या, उबदार दिवशी त्याने काही बिघडत नाही. स्टार-ईएसपी मधल्या वाटेने जातात.

पकड एवढी महत्त्वाची का, तर फेकीच्या शेवटी डिस्क आपण सोडत नाही, ती हातातून उपटली जाते. हात पूर्ण वेगात असताना पकड सुटण्याचा क्षण डोळ्याची पापणी लवण्याआधी येऊन जातो. उजव्या हाताने उलट्या बाजूची (बॅकहँड) फेक करताना डिस्क लवकर निसटली तर डावीकडच्या झाडीत जाते, उशिरा सुटली तर उजवीकडे, थेट शेजारच्या मैदानावर. गुळगुळीत प्लास्टिक ओल्या हातात पहिली चूक करवतं. मिशिगनमध्ये एप्रिल-मेमध्ये सकाळी गवत दवाने चिंब असतं. डिस्क पडली की ओली, पिशवीत टाकली की पिशवी ओली. अशा दिवशी झी बझ पुसून पुसून टॉवेल भिजतो. मी त्या दिवसांत सरळ ईएसपी नेते.

थंडीची गोष्ट उलटी आहे. जानेवारीत पारा शून्याखाली गेला की बेस प्लास्टिक गोठलेल्या खोबरेल तेलासारखं घट्ट होतं. चिकटपणा जातो, कडं दगडासारखं लागतं, आणि त्याच वेळी झाडावर बसलं तर कडेचा टवका उडण्याची भीती सर्वांत जास्त असते. थंडीसाठी मुद्दाम लवचीक ठेवलेली मिश्रणं मिळतात, इनोव्हाचं जीस्टार, डिस्क्राफ्टचं एफएलएक्स. बर्फात खेळणाऱ्याने त्यातली एखादी डिस्क ठेवावीच. बुटांच्या तळव्यांसाठी प्रसिद्ध असलेली व्हिब्रम कंपनी काही वर्षं चक्क रबराच्या डिस्क काढायची. ओल्यात त्यांच्यासारखी पकड मी दुसऱ्या कशात अनुभवलेली नाही. 2018 मध्ये त्यांनी ते काम थांबवलं.

हवेत

इथे थोडा धीर धरा, कारण सगळी गंमत इथेच आहे.

फिरता भोवरा बोटाने पुढे ढकलला तर तो पुढे पडत नाही, बाजूला झुकतो. लहानपणी जत्रेतला भोवरा ज्याने हाताळला आहे त्याच्या बोटांना हे ठाऊक असतं. डिस्क हा आडवा उडणारा भोवरा आहे. उजव्या हाताची उलटी फेक वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. तिचं नाक हवेने खाली दाबलं तर डिस्क उजवीकडे कलते, नाक वर उचललं तर डावीकडे. फेकीच्या सुरुवातीला वेग भरपूर असतो, डिस्क हवेला जवळपास सपाट कापत जाते आणि दाब नाक खाली ढकलणारा असतो, म्हणून ती थोडी उजवीकडे वळू बघते. वेग ओसरला, डिस्क खाली येऊ लागली की हवा तिच्या पोटावर लागते, नाक वर उचलू बघते, आणि ती डावीकडे वळून पडते. प्रत्येक डिस्क या दोन ओढींमधली कुस्ती आहे.

डिस्कवर छापलेले चार आकडे त्या कुस्तीचा हिशोब सांगतात. बझचे 5, 4, -1, 1. पहिला आकडा किती वेगाने फेकली तर ती आपली खरी चाल दाखवेल ते सांगतो, दुसरा किती वेळ तरंगेल ते, तिसरा सुरुवातीची उजवीकडची ओढ आणि चौथा शेवटची डावीकडची. -1 आणि 1 म्हणजे जवळपास सरळ. बझ लोकप्रिय आहे ती याच सरळपणामुळे. उजवीकडच्या ओढीला सहज बळी पडणाऱ्या डिस्कला खेळाडू अंडरस्टेबल म्हणतात, शेवटी हट्टाने डावीकडे जाणाऱ्या डिस्कला ओव्हरस्टेबल.

आता प्लास्टिक यात कुठे येतं? हवेला दाणा दिसत नाही, हवेला फक्त आकार दिसतो. पण आकार दाण्यामुळे बदलतो. वितळलेलं प्लास्टिक थंड होताना आक्रसतं, आणि प्रत्येक दाणा वेगळा आक्रसतो. शिवाय डिस्कचा मधला पत्रा पातळ, तो आधी थंड होतो. कडं जाड, ते मागाहून थंड होत राहतं आणि आक्रसताना पत्र्याला सगळीकडून आत दाबतं. दबलेला पत्रा वर फुगतो. हाच डिस्कचा घुमट. फुगीर डिस्क जास्त तरंगते, सपाट डिस्क हवेतून सुरीसारखी निघून जाते. साच्याचं तापमान, दाबून धरण्याचा वेळ, इतकंच काय रंगाची पूड, एवढ्यानेही आक्रसणं बदलतं. मोल्डिंग करणाऱ्याला हे सांगायला नको. अनेक खेळाडू एखाद्या विशिष्ट बॅचच्या डिस्क शोधत फिरतात, त्यांना लोक वेडं म्हणतात. ते वेडे नाहीत. त्यांच्या हाताला जे जाणवतं ते खरं आहे.

दुसरी जागा याहून नाजूक. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ असते. नख कडेवर उभं ठेवून खालून वर सरकवा, एका जागी अडतं. तीच शिवण. डिस्क सपाट टेबलावर ठेवली की ही शिवण टेबलापासून किती उंचीवर आहे, यावर त्या डिस्कचा स्वभाव ठरतो. शिवण वर असेल तर नाक उचलणारी ओढ जिंकते, डिस्क हट्टी, ओव्हरस्टेबल. शिवण खाली असेल तर ती उजवीकडे वळू बघते. फरक केसाएवढा असतो, पण 250 फुटांच्या फेकीत तो शेवटी एका झाडाच्या या बाजूचा की त्या बाजूचा एवढा होतो. एकाच साच्यातून निघालेल्या प्रीमियम डिस्क साधारणपणे बेसपेक्षा थोड्या हट्टी उडतात, त्याचं कारण शोधायचं तर इथेच.

म्हणून मला एक गोष्ट खटकते. छापलेले आकडे साच्याचे असतात, दाण्याचे नाहीत. 5, 4, -1, 1 हेच आकडे प्रो-डीसाठी आणि तेच झीसाठी. नवा खेळाडू विश्वासाने घेतो, फेकतो, डिस्क डावीकडे जाऊन पडते, आणि त्याला वाटतं आपलाच हात चुकला. ज्यांचा वेग अजून कमी आहे अशांना झी किंवा चॅम्पियनच्या वेगवान डिस्क देणं म्हणजे नव्याने पोहायला शिकणाऱ्याला भर पावसातल्या नदीत उतरवणं. त्याला प्रो-डी किंवा डीएक्स द्या, त्याचा हात त्या डिस्कला तिची चाल दाखवायला लावेल. वारा समोरून असेल तर मात्र गणित फिरतं. समोरच्या वाऱ्यात हवेच्या मानाने डिस्कचा वेग वाढतो, तिची उजवीकडची ओढ बळावते, आणि हट्टी, जड, प्रीमियम डिस्कच सरळ जाते.

वजनाचाही दाण्याशी संबंध आहे. हलकी डिस्क हवी असेल तर प्लास्टिक कमी भरून चालत नाही, साचा तर भरलाच पाहिजे. इनोव्हाने ब्लिझर्ड नावाच्या प्रकारात प्रीमियम प्लास्टिकमध्येच हवेचे बारीक बुडबुडे सोडले. जो बुडबुडा भोसरीत आम्ही दोष म्हणून फेकून द्यायचो, तोच इथे मोजूनमापून घातला. आमच्या मिशिगनमधल्या मार्लेटची एमव्हीपी उलट्या दिशेने गेली. तिने मधला भाग एका प्लास्टिकचा आणि बाहेरचं कडं दुसऱ्या, जड प्लास्टिकचं केलं, दोन्ही साच्यातच एकजीव केलेले. वजन मध्यापासून जितकं दूर तितका भोवरा जास्त वेळ स्थिर. साचा बनवणाऱ्याच्या नजरेने मला ती डिस्क या खेळातली सर्वांत देखणी वस्तू वाटते.

झाडावर

टिकाऊपणा म्हटलं की लोकांना वाटतं डिस्क तुटते की नाही. तुटणं क्वचित. डिस्क झिजते, आणि झिजते ती नेमकी कडेवर, जिथे तिचा स्वभाव लिहिलेला असतो. झाडावर बसली की बेस प्लास्टिकच्या कडेवर नखाएवढी खाच पडते, कडेचं प्लास्टिक दबून शिवण किंचित खाली घसरते. रस्त्यावर किंवा दगडावर घासली की चंद्रकोरीसारखा ओरखडा. आवाजही वेगळा असतो. प्रो-डी झाडाला लागली की दबलेला ‘थप्प’, झी लागली की ‘टक्क’. झी तो मार अंगावर घेत नाही, परत उसळते. प्रीमियमच्या डिस्क वर्षानुवर्षं खेळल्या तरी शिवण जवळपास जागेवर राहते.

शिवण खाली आली म्हणजे काय होणार ते वर आलंच आहे. डिस्कचा हट्ट कमी होतो, ती सरळ उडू लागते, मग हळूहळू उजवीकडे. म्हणून बेस प्लास्टिक काही महिन्यांत आपल्या डोळ्यांदेखत म्हातारं होतं आणि प्रीमियमला त्यासाठी वर्षं लागतात. दुकानात जे दुप्पट पैसे द्यायचे ते या वेळेचे आहेत.

पण म्हातारपण म्हणजे निकामी होणं नव्हे. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. नव्या चेंडूचं काम वेगळं, चाळीस षटकं जुन्या चेंडूचं वेगळं, आणि चांगला गोलंदाज दोन्हींची वाट बघतो. इनोव्हाची रॉक 1987 पासून चालत आलेली डिस्क. अनेक जुने खेळाडू पिशवीत डीएक्सच्या तीन-चार रॉक ठेवतात, एक कोरी, एक वर्षाची, एक घासून गुळगुळीत झालेली. कोरी डावीकडच्या वळणासाठी, मधली सरळसाठी, जुनी उजवीकडे वाट फुटते तिथे. एकच साचा, एकच हातातला अंदाज, पण तीन वेगळ्या चाली. त्या जुन्या डिस्कला ते जपतात तशी आपल्याकडे आजीने घडवलेला बिडाचा तवा जपतात. ती हरवली की दुकानातून दुसरी आणता येत नाही, ती घडवावी लागते.

नियम इथे उदार आहे आणि शहाणाही. पीडीजीएच्या नियमांनुसार खेळताना झालेली झीज चालते, खाच किंवा ओरखडा पॉलिश पेपरने मर्यादेत घासून सपाट करणंही चालतं. मुद्दाम कड छिलून चाल बदलणं चालत नाही, आणि डिस्कला भेग किंवा भोक पडलं तर ती बाद. ताठपणावरही बंधन आहे. ठरलेल्या चाचणीत 12.25 किलोपर्यंतच्या जोराने डिस्क वाकली पाहिजे, कारण या मैदानांवर लोक फिरायलाही येतात आणि ताठ, पाचरीसारखी कड कुणाच्या कपाळावर बसू नये. पॉलिश पेपरबद्दल माझा सल्ला: फक्त वर उठलेला काटा काढा, जो फेकताना बोट कापतो. बाकी झिजू द्या.

उन्हाचं सांगते आणि पुढे जाते. जुलैत बंद गाडीच्या डिकीत डिस्क उभ्या, दाटीवाटीने ठेवू नका, वाकतात. वाकलीच तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून, सपाट जागी वजनाखाली थंड होऊ द्या. बहुतेक वेळा सुधारते.

टोपलीजवळ

वरचं सगळं लांबच्या फेकीचं झालं. पटरला, म्हणजे टोपलीजवळ वापरायच्या संथ डिस्कला, यातलं बरंचसं लागू नाही. ती 20-30 फुटांवरून फेकायची, झाडावर क्वचित आपटणार, वेग कमी, म्हणून शिवणीची काळजी कमी. इथे हवी ती पकड आणि साखळ्यांत बसण्याची वृत्ती. मऊ पटर साखळीला लागून दबते, तिच्यात अडकते. कडक पटर उसळून परत येऊ शकते. म्हणून वर्षाला लाखो डॉलर कमावणाऱ्या खेळाडूंच्या पिशवीतही लांब फेकीच्या 20 डॉलरच्या डिस्कशेजारी स्वस्त प्लास्टिकची पटर दिसते. 12 वेळा जगज्जेता झालेल्या केन क्लायमो यांच्या नावाची केसी प्रो एव्हियार पटर हीच तऱ्हा, प्रीमियम नसलेली, बोटांना चिकटणारी. अव्वल खेळाडू पॉल मॅकबेथ 2019 मध्ये इनोव्हा सोडून डिस्क्राफ्टकडे आले तेव्हा सगळ्यांच्या मनात प्रश्न होता की सवयीचं प्लास्टिक सुटल्यावर हात चुकेल का. त्याच वर्षी ते जागतिक स्पर्धा जिंकले. त्यांच्यासाठी काढलेली लुना पटर रबराचा अंश असलेल्या मिश्रणाची आहे. एमव्हीपी तर इलेक्ट्रॉन नावाचं पटरचं प्लास्टिक मऊ, मध्यम आणि कडक अशा तीन ताठपणांत देते. पटर विकत घेताना दुकानात दोन-चार हातात घेऊन अंगठ्याने कडं दाबून बघा. इंटरनेटवरचं मत इथे उपयोगाचं नाही, तुमच्या अंगठ्याचं मत उपयोगाचं आहे.

माझ्या सहकाऱ्याने त्या दिवशी दोन्ही बझ घेतल्या, प्रो-डी आणि झी, दोन्ही 177 ग्रॅमच्या. मीच आग्रह केला. मेपासून तो दर शनिवारी ॲन आर्बरजवळच्या हडसन मिल्समध्ये दोन्हींनी खेळला, प्रत्येक टीवर एकदा ही, एकदा ती. मेमध्ये झी थोडी डावीकडे जाऊन पडायची आणि प्रो-डी जवळपास सरळ. त्याला प्रो-डीच आवडायची. जुलैत तिच्या कडेवर मी सोळा खाचा मोजल्या, झीवर चार ओरखडे. ऑगस्टमध्ये प्रो-डी हलकेच उजवीकडे कलायला लागली आणि तो म्हणाला, “ताई, माझी फेक बिघडली बहुतेक.” मी त्याला जेवणाच्या टेबलावर दोन्ही डिस्क शेजारी शेजारी ठेवायला सांगितल्या आणि कडेवरून नख फिरवायला लावलं. झीवर नख वर अडलं. प्रो-डीवर ते खाली, खडबडीत जागी अडलं. त्याने दोन-तीनदा फिरवून पाहिलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी पानं गळून वाट मोकळी झाली होती. मैदानाच्या एका लांब टप्प्यावर टोपली उजवीकडे वळून झाडांमागे दडलेली आहे. तिथे तो हंगामभर दोन फेकांत पोचायचा. त्याने पिशवीतून झी अर्धी बाहेर काढली, परत आत सरकवली, आणि खाचा पडलेली प्रो-डी घेतली. सपाट सोडली. ती मधल्या ओकपर्यंत सरळ गेली, मग स्वतःहून उजवीकडे कलली, वळणाच्या आत शिरली आणि टोपलीपासून पंधरा-एक पावलांवर पानांत शिरून थांबली. आम्ही दोघं ती शोधत असताना त्याने विचारलं की अशीच दुसरी घडवायची असेल तर कोरी प्रो-डी आत्ता घ्यावी की वसंतात. मी म्हटलं आत्ताच घे, थंडीभर घरात ठेव, बर्फात तिचा टवका उडेल. एप्रिलपासून झाडांना लागायला तिला भरपूर वेळ आहे.